पिंप की तुरुंग

आमच्या घरात निर्णय एक्सेलमध्ये होतात. नवऱ्याचा तो स्वभावच आहे. फ्रिज घ्यायचा असो की चार दिवस कुठं जायचं असो, आधी शीट उघडतं, मग रकाने पडतात, मग रंग भरले जातात. या वेळी शीटमध्ये दोनच रकाने होते. एकावर लिस्बन, दुसऱ्यावर पोर्तो.

हॉलंडमध्ये मे महिन्याच्या आसपास हेमेलव्हार्टची सुट्टी येते. येशू स्वर्गात गेला तो दिवस, आणि तो नेमका गुरुवारीच येतो, म्हणून त्याच्याबद्दल सगळ्या धर्मांच्या नोकरदारांना आदर आहे. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस पदरात. आई-बाबा सांगलीहून आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. ट्यूलिप बघून झाले, पवनचक्क्या बघून झाल्या, आणि "इथं सगळं सपाटच आहे होय गं?" हे आईनं तीनदा विचारून झालं होतं. आइंडहोव्हनहून दोन्ही गावांना थेट विमान आहे. अडीच-तीन तासांत पोर्तुगाल.

शीट पोर्तोच्या बाजूनं होतं. भाडं कमी, हॉटेल स्वस्त, गाव आटोपशीर. पावसाच्या ओळीत पोर्तो लाल झालं होतं, अटलांटिकचे ढग तिथं मनाला येईल तेव्हा उतरतात. चढाच्या ओळीत मात्र दोघंही लाल. लिस्बन सात टेकड्यांचं म्हणून मिरवतं, पण पोर्तोही नदीपासून वर चढत गेलेलं गाव आहे. आईचे गुडघे ही आमच्या शीटमधली सगळ्यात खरी ओळ होती आणि तिथं बरोबरी झाली.

माझं मत पोर्तोलाच होतं. तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त दोन दिवस तिथं गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मिळून दोरू नदीच्या पलीकडे, व्हिला नोव्हा द गायाला गेलो. पोर्ट वाइनची तळघरं सगळी त्या काठावर आहेत. तो काठ उत्तरेकडे तोंड करून आहे, ऊन कमी, गारवा जास्त, म्हणून पिढ्यानपिढ्या माल तिथंच मुरत पडतो. आत शिरल्यावर डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला कळतं. ओलं लाकूड, आणि रात्रभर भिजलेल्या मनुका. माहिती सांगणारी मुलगी एका लाकडी धुडावर थाप मारून म्हणाली, "पिपा. साडेपाचशे लिटर." मी मोठ्यानं म्हणाले, "पिंप!" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पिंप म्हणजे आमच्या वाड्यातल्या मोरीतलं, आजीचं. पत्र्याचं होतं, लाकडाचं नव्हे, आणि त्यात वाइन नव्हे तर नळाचं पाणी असायचं, कारण नळ पहाटे पाच ते सहा यायचा. पण शब्द तोच. आपण काजू, बटाटा, अननस, पाव यांच्याबद्दल ऐकलेलं असतं. चावी, घमेलं, परात, पगार हेही तिकडूनच आलेत म्हणतात. पण हे सगळं वाचलेलं ज्ञान. ते धूड थापटून कुणीतरी "पिपा" म्हणतं आणि आजीची मोरी समोर येते, तेव्हा गोष्ट वेगळी होते. मला तो आवाज आईला ऐकवायचा होता. शिवाय संध्याकाळी दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून, मेट्रोच्या शेजारून चालत, खाली उन्हात पिवळी झालेली नदी दाखवायची होती. (हा १८८६चा लोखंडी पूल आयफेलचा म्हणून सांगतात. तो आयफेलचा नाही, त्याच्या एकेकाळच्या भागीदाराचा, सेरीगचा. भागीदाराच्या नशिबी हेच असतं.) साओ बेंतो स्टेशनातल्या निळ्या फरशा दाखवायच्या होत्या. वीसेक हजार फरशांवर लढाया, लग्नं, मळणी, सगळं रंगवलंय आणि खाली लोक सातची लोकल पकडायला पळतायत.

पोर्तुगीजांत एक म्हण आहे: ब्रागा देव देव करतं, कोइंब्रा शिकतं, लिस्बन मिरवतं आणि पोर्तो राबतं. मला राबणारी गावं आवडतात.

बाबा सगळं ऐकत होते. ते निवृत्त शिक्षक, विषय मराठी आणि इतिहास. चर्चेत पडत नाहीत, पण उठून जातही नाहीत. चहा संपवून त्यांनी एकच विचारलं. "ते कॅक्सियास लिस्बनपासून किती लांब आहे?"

मी फोनमध्ये शोधलं तर फोन ब्राझीलला गेला. तिथं त्या नावाची मोठमोठी शहरं आहेत. म्हटलं, "बाबा, हे तर दक्षिण अमेरिकेत आहे." ते म्हणाले, "नाही. लिस्बनजवळ. किल्ला आहे. मोहन रानडे होते तिथं."

सांगलीत वाढलेली असून मला हे नाव अर्धवटच माहीत होतं, हे कबूल करते. एका रस्त्याचं किंवा चौकाचं असावं तसं. बाबांनी मग सांगितलं, वर्गात सांगावं तसं नाही, तुटक तुटक. रानडे सांगलीचे. गोव्यात शिक्षक म्हणून गेले, पोर्तुगीजांशी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले, १९५५ साली जखमी अवस्थेत पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढं त्यांना पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मोकळा झाला. रानडे मात्र आतच. सुटले १९६९च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके धडपडले, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला. बाबा तेव्हा कॉलेजात होते. लायब्ररीत पेपर दांडीला अडकवलेला असायचा आणि चौघं जण एकदम वाचायचे, त्यात त्यांनी ते नाव वाचलं होतं, कॅक्सियास. पन्नासहून जास्त वर्षं तसंच डोक्यात, पेपरात छापलेल्या उच्चारानं.

"गोवा सुटला आणि माणूस सात वर्षं आतच राहिला," बाबा म्हणाले. "कुणाच्या हिशेबात धरायची ती सात वर्षं?"

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी थोडा कंटाळा आला. मला सुट्टी हवी होती. इतिहास आपल्याकडे घरबसल्या मिळतो, रोज, फुकट, व्हॉट्सॲपवर. पोर्तो मला आवडलं होतं ते याचसाठी की त्या गावाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. एक पिंप सोडून. लिस्बनचं नाव काढलं की वास्को द गामा येणार, गोवा जिंकणारा अल्बुकर्क येणार, इन्क्विझिशन येणार. आई-बाबांना चार दिवस तरी सुखानं हिंडू द्यावं.

त्या रात्री पोर्तोच्या निरागसपणाचा पुरावा गोळा करायला बसले आणि तोंडघशी पडले. ज्या राजपुत्रानं पोर्तुगालची गलबतं आफ्रिकेच्या काठाकाठानं खाली ढकलली, तो हेन्री जन्मला १३९४ साली पोर्तोतच. आणि पोर्तोच्या लोकांना 'त्रिपैरू', म्हणजे आतडी खाणारे, का म्हणतात? १४१५ला आफ्रिकेतलं सेउता जिंकायला निघालेल्या मोहिमेसाठी गावानं सगळं चांगलं मांस गलबतांवर चढवलं आणि स्वतःला आतडी-कोथळा ठेवला, अशी दंतकथा ते अभिमानानं सांगतात. म्हणजे मिरवलं लिस्बननं, पण शिधा पोर्तोनं भरला होता.

सकाळी बघते तर शीटमध्ये नवी ओळ. डाव्या बाजूला नुसतं "बाबा" असं लिहिलेलं, लिस्बनचा चौकोन हिरवा. नवरा दात घासत होता, काही बोलला नाही.

"दोन्ही करा की," असा सल्ला ऑफिसात किमान पाच जणांनी दिला. दोन्ही गावांत रेल्वेचे तीन तास आहेत. पण चार दिवसांत दोन गावं म्हणजे दोनदा सामान भरणं, दोनदा किल्ल्या घेणं, आणि आईचं "आपण कुठल्या मजल्यावर होतो गं?" दोनदा. चार दिवसांत एकच गाव बघावं, तेही पुरं होत नाही, या मतावर मी ठाम आहे.

लिस्बननं पहिल्या दिवशी गुडघ्यांचा प्रश्न परस्पर सोडवला. अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रॅमला एवढी रांग होती की आईनं लांबूनच नमस्कार केला. पण बायशा या खालच्या सपाट भागातल्या एका साध्या इमारतीत नगरपालिकेची फुकट लिफ्ट आहे, ती वरच्या गल्लीत सोडते. तिथून थोडं चाललं की दुसरी, तिच्या तळाला सुपरमार्केट. तिथं कांदे घेणाऱ्या बायकांबरोबर आई वर गेली आणि दार उघडल्यावर समोर किल्ल्याची टेकडी. तिला अख्ख्या लिस्बनमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. सांगलीला फोन करून तिनं मावशीला पहिली लिफ्टच सांगितली.

कार्मूच्या मठात बाबा बराच वेळ थांबले. १ नोव्हेंबर १७५५ला, सगळ्या संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग आग. या मठाचं छप्पर तेव्हा गेलं ते गेलंच. कमानी उभ्या आहेत आणि मध्ये आकाश. बाबा म्हणाले, "कोयनेच्या वेळी पहाटे फळीवरची भांडी एकेक करून खाली येत होती. आई म्हणाली, मांजर असेल." ११ डिसेंबर १९६७. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. एखादं गाव निवडताना तिथं काय बघायला मिळेल एवढंच आपण मोजतो, तिथं गेल्यावर आपल्या बरोबरची माणसं काय बोलायला लागतील याला शीटमध्ये रकाना नसतो.

बेलें या लिस्बनच्या नदीकाठच्या भागात वास्को द गामा चर्चच्या दारातच भेटतो. दगडाचा, आडवा, हात जोडलेला. मला वाटलं होतं बाबा काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "हा कोचीत गेला ना?" हो, १५२४ साली कोचीत गेला, तिथंच पुरला, नंतर हाडं इकडं आणली. "मग प्रवास पुष्कळ झाला याचा," एवढंच म्हणून ते पुढं गेले. नदीकाठी गलबताच्या आकाराचं, बावन्न मीटर उंच स्मारक आहे, टोकाला तोच पोर्तोचा हेन्री. ते सध्याच्या रूपात उभं राहिलं १९६० साली. पुढच्याच वर्षी गोवा गेला. दगड ताजा असतानाच.

आणि हो, बेलेंमध्ये १८३७पासून चाललेलं ते प्रसिद्ध दुकान आहे, नाता मिळतात ते. आई शाकाहारी आहे, पण केकमधलं अंडं तिला दिसत नाही. पापुद्र्याची वाटी, आत पिवळाधमक मऊ ऐवज, वर करपलेले डाग. तिनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग म्हणाली, "खरवसच आहे, जरा भाजलेला." पाव विकत घेताना ती सरळ "पाव" म्हणायची. नाकात थोडं म्हणायला हवं, एवढाच फरक. बाई द्यायच्या.

आल्जूबे नावाचं संग्रहालय कॅथेड्रलच्या अंगाला आहे. पूर्वी राजकीय कैद्यांचं कारागृह, २०१५पासून संग्रहालय. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत माणसं इथं आणून ठेवायचे. एका मजल्यावर त्या कोठड्या पुन्हा बांधून दाखवल्या आहेत. रुंदी एवढी की दोन्ही हात पुरते पसरता येत नाहीत. बैलांना झुंजीआधी कोंडतात त्या जागेचं नाव कैद्यांनी त्यांना दिलं होतं. मी आत जाऊन उभी राहिले आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आले.

बाबा बाहेरच्या बाकावर बसून वहीत काही लिहीत होते. "तुरुंग शब्द यांचाच," ते म्हणाले. "त्रोंकू. त्रोंकू म्हणजे झाडाचं खोड. त्या ओंडक्यात कैद्याचे पाय अडकवायचे, म्हणून ओंडक्याचं नाव जागेला पडलं. आता मराठीत बघ. खोड. आणि कैद्याचे पाय अडकवायचा तो?"

"खोडा," मी म्हणाले. तिसरीतल्या मुलीसारखी.

"हां. शब्द त्यांच्याकडून आला, पण कल्पना आपल्याकडेही होती."

भिंतीवर फोटो होते, कैद्यांचे, समोरून आणि बाजूनं काढलेले. जवळपास सगळे पोर्तुगीज. शिक्षक, छापखान्यातले कामगार, विद्यार्थी. बाबा एकेक बघत चालले होते आणि त्यांचा चेहरा जरा गोंधळल्यासारखा झाला. "यांचीच माणसं आत होती की," ते म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यातल्या त्या किल्ल्यात रानडे एकटे होते, आणि बाहेर सगळे पोर्तुगीज.

एक नाव मारियो सुआरेश यांचं. या इमारतीत कैदेत असतानाच, १९४९ साली, त्यांचं लग्न लागलं. पुढं हा माणूस देशाचा पंतप्रधान झाला, राष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याआधी, ती राजवट उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर, परराष्ट्रमंत्री म्हणून तो दिल्लीला आला आणि ३१ डिसेंबर १९७४ला गोवा भारताचा आहे हे मान्य करणाऱ्या करारावर त्यानं सही केली. भारताकडून सही होती यशवंतराव चव्हाणांची. हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाबा बाकावरून उठलेच. "देवराष्ट्रे," ते म्हणाले. देवराष्ट्रे आमच्या जिल्ह्यात. यशवंतरावांचं जन्मगाव. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला आल्जूबेत राहून आलेला आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेला. आईनं विचारलं, "कुठल्या भाषेत बोलले असतील?" ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

बाहेर आलो तर कॅथेड्रलची घंटा वाजत होती. बाबा म्हणाले, "मेणवलीला अशीच आहे." वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर मीही ती पाहिली आहे, सहलीत. पोर्तुगीज घंटा, वर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी. १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा अशा घंटा आपल्या लोकांनी काढून आणल्या आणि देवळांत टांगल्या. "परत मागितली तर?" मी विचारलं. "मागणार नाहीत," बाबा म्हणाले. "पण आपणही आणलंय, हे धरून चालावं."

तिसऱ्या दिवशी कॅक्सियास. काइश दु सोद्रे स्टेशनातून कश्काइशची लोकल निघते, त्या वाटेवर हे एक साधं स्थानक. डब्यात सर्फिंगच्या फळ्या घेतलेली पोरं, टॉवेल, वाळू. डाव्या हाताला तेजू नदी रुंद होत होत समुद्र होते. तो लाल झुलता पूल गेला. तो उघडला १९६६ला, तेव्हा नाव होतं सालाझार पूल. आता २५ एप्रिल पूल. रानडे तेव्हा आत होते. स्थानकाची घोषणा झाली आणि कळलं की उच्चार 'कशीअश' आहे. बाबांनी तो दोनदा म्हणून बघितला आणि सोडून दिला.

उतरलो तर पाण्याकाठीच किल्ला. छोटासा, नीटनेटका. बाबा थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. टोपी काढून हातात घेतली. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, काही न बोलता, म्हणजे प्रसंग मोठा होता. मी जरा मागं राहून फोन बघितला, आणि माझ्या पोटात गोळा आला. हा किल्ला तो नव्हेच. हा साओ ब्रुनो, सतराव्या शतकातला, बंदराच्या राखणीचा. ज्यात कैदी ठेवायचे तो वर, टेकडीकडे, आणि तिथं अजूनही तुरुंगच आहे. आत जाता येत नाही.

सांगावं की नाही, यावर मी आणि नवरा डोळ्यांनीच बोललो. त्याचं मत न सांगण्याचं होतं, आश्चर्य म्हणजे. एक्सेलवाला माणूस. पण बाबांनी आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या सनावळ्या तपासल्या. मी सांगितलं.

"असं होय," ते म्हणाले. टोपी हातातच होती. वर टेकडीकडे बघितलं. घरं, झाडं, मोठ्या रस्त्याचा आवाज. किल्ला काही दिसत नव्हता. मग त्यांनी उलटं वळून पाण्याकडे बघितलं. "तिथनं त्यांना हे दिसत असेल का?"

मला माहीत नव्हतं. वर जाऊ या का, टॅक्सी करू, असं नवरा म्हणाला. बाबा म्हणाले, नको. तुरुंगाच्या दारात जाऊन आपण काय सांगणार, आत कोण कोण असतील आज, त्यांच्या घरचे भेटायला आले असतील. मग ते वाळूच्या कडेच्या कठड्यावर बसले आणि आईनं पिशवीतून पाव आणि चीज काढलं. ऊन चांगलं होतं. एक कुत्रं येऊन बसलं. १९७४च्या २६ एप्रिलच्या रात्री इथल्या राजकीय कैद्यांना सोडलं तेव्हा दाराशी नातेवाइकांची ही गर्दी होती, हे मी वाचलेलं सांगितलं. बाबा म्हणाले, "रानडे सुटले तेव्हा इथं कोण आलं असेल?" आणि पावाचा तुकडा कुत्र्याला टाकला.

परतीच्या लोकलमध्ये जागा मिळाली. आई खिडकीशी. बाबा वहीत पुन्हा काहीतरी लिहीत होते. मी वाकून बघितलं तर कॅक्सियास खोडून 'कशीअश' लिहिलं होतं, आणि त्याखाली 'पिंप' लिहून पुढं प्रश्नचिन्ह.

"व्हिसा अजून किती दिवस आहे गं?" त्यांनी विचारलं.

"चाळीसेक."

"मग ते पिंपांचं गाव राहिलं म्हणायचं."

आई बाहेर बघत होती. "लिफ्ट आहे का तिथं?" ती म्हणाली.